लढाई संपल्यावरचे दोन दिवस : अमेरिकन यादवी आणि तिचे सेनापती

१८ सप्टेंबर १८६२. मेरीलँडमध्ये अँटीटम ओढ्याच्या काठी दोन फौजा दिवसभर एकमेकींकडे बघत बसल्या. आदल्या दिवशी याच शेतांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले होते. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात इतका रक्तपात त्याआधी झाला नव्हता आणि पुढेही झाला नाही. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याच्या पाठीशी पोटोमॅक नदी होती, ओलांडायला जवळ एकच चांगला उतार होता, आणि हाताशी लढण्याजोगी माणसं जेमतेम तीस हजार. समोर उत्तरेच्या मॅक्लेलनची पाचवी कोर (दोनतीन डिव्हिजनांची मोठी तुकडी) जवळजवळ न वापरलेली, सहावीचाही मोठा भाग ताजा, शिवाय सकाळी आणखी दोन डिव्हिजन येऊन पोचल्या. मॅक्लेलनने हल्ला एक दिवस पुढे ढकलला. त्याच रात्री ली नदी ओलांडून निघून गेला.

या युद्धातल्या सेनापतींची तुलना बहुतेक वेळा लढाईच्या दिवसावरून होते. कोणी बगल मारली, कोणी टेकडी राखली, कोणाची माणसं जास्त पडली. माझ्या मते खरा फरक दिसतो तो पुढच्या अठ्ठेचाळीस तासांत. चार वर्षांत मोठ्या लढाया डझनांनी झाल्या, पण हरलेली फौज पाठलाग करून संपवली असं म्हणता येईल असे प्रसंग दोनतीनच. एवढे सगळे सेनापती भित्रे होते म्हणून हे घडलं का? तसं म्हणणं सोपं आहे, पण हिशोब मांडून बघितला की चित्र बदलतं.

सुरुवात शिपायापासून करू. त्याच्या कमरेच्या पेटीत ४० काडतुसं असायची, मोठी लढाई दिसत असेल तर खिशात कोंबून आणखी वीस. हातात ठासणीची रायफल, बहुधा ०.५८ इंची स्प्रिंगफील्ड किंवा ०.५७७ ची इंग्लिश एन्फील्ड. कागदी काडतूस दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, शिशाची मिनिए गोळी वर ठेवायची, गज काढून ठासायची, गज परत खोबणीत सरकवायचा, घोडा अर्धा ओढून ठिणगीची तांब्याची टोपी बसवायची, मग पूर्ण ओढून नेम. (भरतीच्या वेळी पुढचे दात तपासत ते याचसाठी.) सरावलेला शिपाई मिनिटाला दोनतीन बार काढी. म्हणजे कोणी आवर घातला नाही तर पेटी वीस मिनिटांत रिकामी. त्याआधीच जळलेल्या दारूची काजळी नळीत बसायची आणि गोळी खाली जाता जाईना. गेटिसबर्गच्या रणांगणावरून नंतर २७,००० वर बंदुका गोळा केल्या, त्यांतल्या सुमारे २४,००० भरलेल्या होत्या. जवळपास १२,००० मध्ये एकावर एक दोन बार होते, हजारोंमध्ये त्याहूनही जास्त, आणि एकीत तर तेवीस. टोपी बसवायची राहून गेलेली, त्या गदारोळात आपला बार उडालाच नाही हे त्या माणसाला कळलेलंही नाही. संध्याकाळी जिंकलेली पलटण म्हणजे ही असली माणसं: काळी तोंडं, रिकाम्या पेट्या, निम्मे अंमलदार पडलेले, आणि पाण्यासाठी जीव कासावीस.

तोफखान्याचं वेगळंच. बारा पौंडी नेपोलियन तोफ ओढायला सहा घोडे लागत आणि तिच्या दारूगोळ्याच्या गाडीला आणखी सहा. एका पेटीत ३२ बार, तोफेमागे एकूण चार पेट्या, म्हणजे १२८ बार. समोरच्या बाजूचे नेमबाज आधी घोड्यांवर गोळ्या झाडत, कारण घोडे गेले की तोफ जागची हलत नाही. जे घोडे उरत त्यांना रोज १४ पौंड वाळलेलं गवत आणि १२ पौंड दाणा ठरलेला. माणसाची शिधासामग्री रोजची तीनेक पौंड, घोड्याची सव्वीस. तळ सोडून पुढे निघालेल्या फौजेच्या गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त जागा कशाला लागते, हे यावरून लक्षात येईल. रेल्वे किंवा नदीपासून दोनतीन मुक्काम दूर गेलं की गाड्या ओढणारी खेचरंच आणलेल्या दाण्यातला मोठा वाटा खायला लागतात.

अँटीटमच्याच दिवशी मॅक्लेलनच्या हाताखालच्या बर्नसाइडच्या बाजूला याचा प्रत्यय आला. दगडी पूल दुपारी एकच्या सुमारास ताब्यात आला. पण पूल घेणाऱ्यांकडची काडतुसं संपली होती, म्हणून दमाची डिव्हिजन आणि दारूगोळा त्याच अरुंद पुलावरून पलीकडे न्यावा लागला आणि त्यात दोन तास गेले. तेवढ्यात हार्पर्स फेरीहून सतरा मैल तंगडतोड करत लीच्या ए. पी. हिलची डिव्हिजन आली आणि थेट बर्नसाइडच्या बगलेवर धडकली. हे दोन तास कोणाच्या भित्रेपणामुळे गेले नाहीत. १८ तारखेचा दिवस मात्र गेला तो मॅक्लेलनच्या स्वभावामुळे. लीकडे आपल्याहून मोठी फौज आहे ही त्याची ठाम समजूत होती, आणि लढाईआधी लीचा हुकूमच तीन सिगारांभोवती गुंडाळलेला सापडूनही ती ढळली नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये घोडे दमल्याचं कारण त्याने वॉशिंग्टनला कळवलं, तेव्हा लिंकनने तारेने विचारलं की अँटीटमनंतर तुमच्या घोड्यांना दमायला असं काम तरी काय पडलं? ७ नोव्हेंबरला मॅक्लेलनच्या हाती बडतर्फीचा हुकूम पडला.

मीडवर मात्र अन्याय झाला आहे असं मला वाटतं, निदान अर्धा तरी.

२८ जून १८६३ ला त्याच्याकडे उत्तरेच्या त्याच फौजेचं सेनापतिपद आलं, १ ते ३ जुलै गेटिसबर्ग झालं, आणि ४ जुलैच्या पावसात हरलेला ली माघारी निघाला. जखमींच्या गाड्यांची रांग म्हणे सतरा मैल लांब होती. मीडने या तीन दिवसांत सुमारे २३,००० माणसं गमावली होती. त्याहून मोठं नुकसान वरच्या फळीत होतं. रेनॉल्ड्स पहिल्या दिवशी ठार, सिकल्सचा पाय दुसऱ्या दिवशी गेला, हॅनकॉक तिसऱ्या दिवशी मांडीला गोळी लागून आडवा. सिकल्सचं सोडून देऊ, तो गेल्याने बरंच झालं म्हणणारेही होते. पण रेनॉल्ड्स आणि हॅनकॉक हे हुकमाची वाट न बघता पुढे सरकणारे दोन कोर सेनापती, आणि पाठलागाला लागतात ती असलीच माणसं. त्यांच्या जागी आलेले लोक विचारून पाऊल टाकणारे होते.

लीचा रस्ता डोंगराच्या खिंडींतून गेलेला, आखूड. त्या खिंडी मागून फोडणं म्हणजे थोड्या माणसांनी मोठी फौज अडवण्याची सोय लीला आयती करून देणं. म्हणून मीडने मुख्य फौज दक्षिणेला फ्रेडरिककडून डोंगराला वळसा घालून नेली. निर्णय बरोबर, पण वाट लांब आणि चिखलाची. इकडे ४ जुलैलाच उत्तरेच्या घोडदळाने फॉलिंग वॉटर्सचा लीचा होड्यांचा पूल तोडून टाकला होता आणि पावसाने पोटोमॅक फुगली होती. ली विल्यमस्पोर्टला अडकला. त्याच्या लोकांनी गावातल्या वखारी मोडून लाकूड काढलं, नव्या होड्या बांधल्या, आणि नदी उतरण्याची वाट बघताना मैलोगणती खंदक आणि मातीचे बांध घातले.

१२ जुलैच्या रात्री मीडने कोर सेनापतींना बोलावून विचारलं. बहुतेकांनी हल्ल्याला नकार दिला. १३ ला टेहळणी झाली, १४ ला फौज पुढे सरकली तेव्हा खंदक रिकामे होते. लिंकनने त्या दिवशी मीडला कडक पत्र लिहिलं आणि ते पाठवलंच नाही.

लिंकनचा राग रास्त होता, पण बोट चुकीच्या दिवसाकडे होतं. १२ तारखेपर्यंत ते खंदक इतके पक्के झाले होते की त्यांवर हल्ला म्हणजे गेटिसबर्गला फसलेल्या दक्षिणेच्या पिकेटच्या चालीची उलटी आवृत्ती झाली असती. मोकळ्या उतारावरून चालत जायचं आणि समोर आडोशाला बसलेल्या रायफली. फ्रेडरिक्सबर्गच्या दगडी भिंतीपुढे उत्तरेच्याच फौजेने सात महिन्यांपूर्वी हे अनुभवलं होतं. वेळ गेला तो ५ ते १० जुलैच्या दरम्यान, जेव्हा ली पुरता सावरलेला नव्हता आणि मीडचे हुकूम मात्र “सावधपणे पुढे जा” या थाटाचे होते. बैठक बोलावणं हीही माझ्या मते चूक. थकलेल्या सात माणसांना हल्ला करायचा का असं मध्यरात्री विचारलं तर उत्तर ठरलेलंच असतं.

दक्षिणेकडचं उदाहरण ब्रॅगचं. २० सप्टेंबर १८६३ ला चिकमॉगाला त्याने उत्तरेच्या रोझक्रान्सच्या फौजेचा मोठा भाग उधळून लावला. एका गैरसमजाच्या हुकमामुळे उत्तरेच्या फळीत भगदाड पडलं आणि नेमकी तिथूनच दक्षिणेच्या लाँगस्ट्रीटची चाल आत घुसली. उत्तरेच्या थॉमसने उरलेल्यांना घेऊन स्नॉडग्रास टेकडी अंधार पडेपर्यंत धरून ठेवली आणि रात्री शिस्तीत काढता पाय घेतला. दुसऱ्या दिवशी दक्षिणेच्या घोडदळाचा फॉरेस्ट निकराने सांगत होता की आत्ता मागे लागा. ब्रॅग हलला नाही. त्याच्या नावाने खडे फोडण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात: त्याची जवळपास १८,५०० माणसं कामी आली किंवा जायबंदी झाली होती, म्हणजे हरलेल्या बाजूपेक्षा जास्त. आणि लाँगस्ट्रीटची माणसं व्हर्जिनियाहून रेल्वेने आली होती ती गाड्या आणि खेचरं मागे ठेवून. रेल्वेने माणूस शेकडो मैल लवकर आणता येतो, पण स्टेशनच्या पुढे त्याची भाकरी कोण वाहणार?

तरीही ब्रॅगला माफ करावंसं वाटत नाही. रोझक्रान्सची फौज मागे आली त्या चॅटनूगाला त्याने वेढा घालून उपासमारीवर भिस्त ठेवली आणि ती महिनाभर लागूही पडत होती. उत्तरेची रसद साठेक मैलांच्या डोंगरी वाटेने येत होती आणि हजारो खेचरं त्या वाटेवर मेली. मग ऑक्टोबरच्या शेवटी उत्तरेचा ग्रँट आला. मुख्य अभियंता ‘बॉल्डी’ स्मिथचा आराखडा तयारच होता, ग्रँटने तो मंजूर केला, आणि २७ ऑक्टोबरच्या पहाटे होड्यांतून माणसं उतरवून ब्राउन्स फेरीचा घाट घेतला. रसदीचा आखूड रस्ता खुला झाला. महिन्याभरात ब्रॅग मिशनरी रिजवरून पळत होता.

आता ग्रँट. त्याच्या बाबतीत लोक दोन टोकांना जातात, एक तर कसाई नाही तर अलौकिक. शायलोपासून बघितलं तर तो काय होता ते जास्त नीट कळतं. ६ एप्रिल १८६२ ला पहाटे त्याची छावणी अक्षरशः बेसावध सापडली. चूक त्याची आणि त्याच्या हाताखालच्या शर्मनची, त्यात वाद नाही. संध्याकाळपर्यंत फौज टेनेसी नदीच्या धक्क्यापर्यंत रेटली गेली. दक्षिणेचा सेनापती अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन गुडघ्यामागे गोळी लागून रक्तस्रावाने मेला होता, रक्त थांबवायचा पट्टा त्याच्याच खिशात होता. त्याच्या जागी आलेल्या ब्यूरगार्डने अंधार पडताना हल्ला थांबवला आणि उरलेलं उद्या आवरू असं ठरवलं. नदीपलीकडून उत्तरेच्या बुएलची फौज रात्रभर उतरत होती. ७ तारखेला उजाडताच चाल केली ती ग्रँटने. मात्र ब्यूरगार्ड कॉरिंथकडे निघाल्यावर ग्रँटनेही खरा पाठलाग केला नाही. ८ तारखेला शर्मन थोडं पुढे गेला, फॉरेस्टच्या घोडेस्वारांनी त्याला झटका दिला आणि तो परतला. नंतर ग्रँटचा वरिष्ठ हॅलेक स्वतः आला आणि लाखावर फौज घेऊन वीसबावीस मैलांचं कॉरिंथ गाठायला त्याने महिना लावला. म्हणजे १८६२ चा ग्रँटही या परीक्षेत अर्धाच उतरला.

१८६४ मध्ये फरक दिसतो. तोवर ग्रँट उत्तरेच्या सगळ्या फौजांचा मुख्य झाला होता आणि मीड त्याच्या हुकमाखाली होता. वाइल्डरनेसच्या झाडीत ५ आणि ६ मे ला त्याने सुमारे १७,५०० माणसं गमावली. आधीच्या कुठल्याही सेनापतीने इथून नदीपलीकडे माघार घेऊन दोन महिने डागडुजी केली असती, मीडच्या आधीच्या हूकरने वर्षभरापूर्वी याच रानाजवळ तेच केलं होतं. ७ तारखेच्या सकाळी साडेसहाला ग्रँटने मीडला हुकूम लिहिला: रात्री कूच, स्पॉटसिल्व्हेनियाकडे, दक्षिणेला. ब्रॉक रोडच्या तिठ्यावर शिपायांच्या लक्षात आलं की आपण मागे जात नाही आहोत आणि त्यांनी आरोळ्या ठोकल्या.

पण रात्रीची कूच लिहायला सोपी, चालायला कठीण. एकच रस्ता, त्यावर घोडदळ, पायदळ आणि गाड्यांची कोंडी. दुसऱ्या बाजूला लाँगस्ट्रीट जखमी झाल्याने त्याची कोर अँडरसनकडे होती. त्याला पहाटे तीनपर्यंत निघायला सांगितलं होतं, पण रान पेटलेलं, मुक्कामाला जागा मिळेना, म्हणून तो रात्रीच चालू पडला. ८ मे च्या सकाळी उत्तरेची फौज स्पॉटसिल्व्हेनियाच्या अलीकडे पोचली तेव्हा अँडरसनची माणसं थोड्याच वेळापूर्वी येऊन आडवी झाली होती. पुढचे तेरा दिवस तिथे रक्त सांडलं ते या काही मिनिटांमुळे.

ग्रँटची पद्धत महाग होती. कोल्ड हार्बरला ३ जूनच्या सकाळी काही हजार माणसं थोड्या वेळात पडली, आणि आपल्याला त्या हल्ल्याची कायम खंत राहिली हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पण लगेच दहा दिवसांत त्याने जी हालचाल केली ती या युद्धातल्या सर्वांत देखण्या हालचालींपैकी एक. लाखभर माणसं लीच्या नाकासमोरून काढून जेम्स नदीवर नेली. अभियंत्यांनी १०१ होड्यांचा, दोन हजार फुटांहून लांब पूल दिवसाभरात बांधला. लीला काही दिवस नेमकं कळेना की ग्रँट कुठे आहे.

आणि एवढं साधून पीटर्सबर्गपुढे माती झाली. १५ जूनला तोच बॉल्डी स्मिथ शहरासमोर पोचला, समोर ब्यूरगार्डकडे मूठभर माणसं. कोल्ड हार्बर ताजं असल्याने स्मिथने दिवसभर जमीन निरखली. मग हल्ल्याची वेळ ठरली तर तोफखान्याचे घोडे पाण्यावर नेलेले. चाल सुरू व्हायला सात वाजले. हिंक्सच्या कृष्णवर्णीय पलटणींनी तोफांचे मोर्चे घेतले, मैलाहून लांब तटबंदी हाती आली, आणि चांदण्या रात्री स्मिथ थांबला. मदतीला येणारा हॅनकॉक सकाळभर न आलेल्या शिध्याची वाट बघत खोळंबला होता, नंतर चुकीच्या नकाशाने भरकटला. आज पीटर्सबर्गवर हल्ला करायचा आहे हे त्याला वेळेत कोणी सांगितलंच नव्हतं! हुकूम तोंडी किंवा लेखी, घोड्यावरून जाणारे, आणि ग्रँट, मीड, बटलर अशा तीन कचेऱ्यांतून गाळून येणारे. त्याची किंमत नऊ महिन्यांचे खंदक.

थॉमसचं नॅशव्हिल याच्या उलट. तो डिसेंबर १८६४ मध्ये दोन आठवडे हलला नाही. विल्सनच्या घोडदळाला घोडे मिळवत होता, मग बर्फाने जमीन निसरडी झाली. ग्रँटचा धीर सुटला आणि त्याला बदलण्याची तयारीसुद्धा झाली. १५ आणि १६ डिसेंबरला थॉमसने दक्षिणेच्या हुडची फौज मोडली. आधी जमवलेले घोडे आता कामी आले, कारण सात बारांच्या स्पेन्सर कार्बाइन घेतलेले विल्सनचे हजारो स्वार पाठलागाला तयार होते. आणि मग झालं काय? होड्यांच्या पुलाचं सामान फ्रँकलिनच्या रस्त्याऐवजी चुकून मर्फ्रीझबरोच्या रस्त्याला लावलं गेलं. पुढे नद्या फुगलेल्या. ते सामान मागे वळून येईपर्यंत फॉरेस्टच्या पिछाडीने हुडच्या उरल्यासुरल्या लोकांना टेनेसी नदीपार नेलं. तरी ती फौज पुन्हा फौज म्हणून उभी राहिली नाही.

सगळं जुळून आलं ते एकदाच, एप्रिल १८६५ मध्ये. २ तारखेच्या रात्री लीने पीटर्सबर्ग आणि दक्षिणेची राजधानी रिचमंड सोडलं. त्याला नैर्ऋत्येला डॅनव्हिलच्या रेल्वेने जोसेफ जॉन्स्टनच्या फौजेला (शायलोला मेलेला जॉन्स्टन वेगळा) मिळायचं होतं. ग्रँटने फौजेचे दोन भाग केले. हम्फ्रीज आणि राइट लीच्या मागावर, तर शेरिडनचं घोडदळ आणि ऑर्डचं पायदळ दक्षिणेकडून समांतर, लीच्या पुढे जाऊन वाट अडवायला. मागून ढकलणाऱ्या फौजेपुढे पिछाडीची एक ब्रिगेड तासन् तास उभी राहू शकते. बाजूने पुढे निघालेल्यांना ती काय करणार? अमेलिया कोर्ट हाउसला लीने शिधा मागवला होता, डबे उघडले तर आत दारूगोळा. आजूबाजूला धान्य शोधण्यात एक दिवस गेला आणि तेवढ्यात शेरिडन जेटर्सव्हिलला रेल्वेवर बसला. ६ तारखेला सेलर्स क्रीकला गाड्यांच्या रांगेत अंतर पडलं, तिथे साडेसात हजारांवर कैदी झाले, त्यांत सेनापती यूएल. ७ ला हाय ब्रिजजवळचा गाड्यांचा पूल दक्षिणेच्या लोकांना वेळेत जाळता आला नाही आणि हम्फ्रीज त्यावरून पार झाला. ८ ला संध्याकाळी कस्टरने ॲपोमॅटॉक्स स्टेशनवर लीसाठी आलेल्या शिध्याच्या गाड्याच पकडल्या. ९ ला सकाळी लीचे लोक समोरचं घोडदळ बाजूला सारून पुढे गेले, तर त्यामागे रात्रभर चालून आलेलं ऑर्डचं पायदळ रांगेत उभं.

त्या दुपारी शरणागतीच्या अटी लिहून झाल्यावर लीने सांगितलं की माझ्या माणसांच्या पोटात काही नाही. २५,००० जणांचा शिधा पुरेल का, असं ग्रँटने विचारलं आणि तेवढा पाठवण्याचा हुकूम दिला. सोडपत्रं लिहून दिली त्यांची संख्या पुढे २८,००० वर गेली.